मेस्त्रींचे दोन फेरे

मेस्त्रींच्या हिशेबी महाड तालुक्यात दोनच प्रकारची माणसं राहत होती. एक दात पुढे असलेली आणि एक दात मागे असलेली. याचा तोंडातल्या दातांशी काही संबंध नाही. गाडीच्या इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो, त्याच्या टोकाला दातेरी चाक असतं आणि त्या चाकावरून चेन जाते. चेन बसवताना चाक एका दाताने पुढे-मागे झालं तर इंजिन चालतं, पण नीट चालत नाही. माणसांचंही तसंच, असं मेस्त्रींचं म्हणणं. विचार करायच्या आधी बोलतो तो एक दात पुढे. एसटी निघून गेल्यावर पिशवी उचलतो तो एक दात मागे. बरोबर खुणेवर बसलेला माणूस त्यांना उभ्या आयुष्यात एकच भेटला होता, आणि त्याला ते रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत.

मी एक दात मागे. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, माझं नाव विचारायच्या आधी सांगून टाकलं. नाव त्यांनी नंतरही कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक त्यांच्या लक्षात राहायचं ते गावाने, नाहीतर आजाराने. मी पोलादपूर ते कुडपण सात सीटची गाडी चालवतो, म्हणून मी ‘कुडपण’. बिरवाडीकडच्या एक शिक्षिका होत्या, त्या ‘क्लचप्लेट’. एकदा ऐन बाजाराच्या गर्दीत मेस्त्रींनी त्यांना हाक मारली, “ओ क्लचप्लेट मॅडम, आता घसरत नाय ना?” बाईंनी पुढे वर्षभर गाडी दुसरीकडे नेली आणि मग मुकाट परत आणली. मेस्त्रींना सोडून गेलेली बहुतेक माणसं अशी फिरून यायची. मेस्त्री त्यांना बोलायचे काही नाहीत. फक्त बोनेट उघडायचे, आत बघायचे आणि घरात कुणी गेल्यासारखा सुस्कारा सोडायचे. बोलणी खाल्लेली परवडली, असं व्हायचं माणसाला.

महाडमध्ये शिरताना हमरस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, खाकी अर्धी पँट आणि चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. तो चष्मा डोळ्यांवर क्वचितच असायचा, कारण त्यांचा सगळा भर कानांवर. आधी ते औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पंप फिटर होते. ती नोकरी त्यांनी सोडली. का सोडली म्हणून विचारलं की म्हणायचे, “भोंगा वाजला की मला भूक लागायला लागली रे. म्हटलं, हे काय खरं नाय. पोट माझं, नि टायमिंग कंपनीचं?” काकी, म्हणजे त्यांची बायको, याची दुसरी बाजू सांगायच्या. “साहेबाला तोंडावर सांगितलं, तुमचा दात चुकलाय म्हणून. दुसऱ्या दिवशी घरी.” दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात.

विनय हा गुण त्यांच्या अंगाला लागलेला नव्हता. “महाडात इंजिन उघडणारे ढीगभर हायत,” ते म्हणायचे, “बंद करणारा मी एकटा.” समोरच्या बाजूला दोन-तीन गॅरेजं होती, तिथल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. ती पोरंही काही कमी नव्हती. मेस्त्री शेडबाहेर आले की एखादा मुद्दाम गाडी जोरात रेस करायचा आणि मेस्त्री कानावर हात ठेवून आत जायचे.

त्यांच्या शेडचे कायदे होते. पहिला कायदा, वायदा द्यायचा नाही. गाडी कधी मिळेल असं विचारणाऱ्याला एकच उत्तर, “झाली की.” दुसरा कायदा मौनाचा. टायमिंग बसवायची, म्हणजे चाकाच्या आणि चेनच्या खुणा जुळवायची वेळ आली की शटरला ओलं फडकं टांगायचं. फडकं दिसलं की कुणी हाक मारायची नाही, रेडिओ बंद, मोबाईल बंद, आणि काकींनीसुद्धा आतून भांडी वाजवायची नाहीत. काकी म्हणायच्या, आमच्या घरात देवापेक्षा त्या फडक्याचं सोवळं जास्त.

तिसरा कायदा पंगतीचा. कॅमशाफ्ट ज्या लोखंडी टोप्यांनी जागेवर धरलेला असतो, त्या प्रत्येक टोपीची जागा ठरलेली असते. एकीची दुसरीला चालत नाही. मेस्त्री एक लांब फळी धुऊन घ्यायचे आणि त्या टोप्या काढतील तशा ओळीने फळीवर मांडायचे, नटबोल्टांसकट. “पंगतीत बसलेल्या माणसाला उठवायचं नाय,” हा दम आसपासच्या सगळ्यांना. एकदा एका गिऱ्हाइकाने कुतूहलाने त्यातली एक टोपी उचलून बघितली. मेस्त्रींनी त्याला शेडबाहेर काढलं आणि गाडी होईपर्यंत रस्त्यापलीकडच्या वडाखाली बसवून ठेवलं. तो माणूस बसलाही. हे मला मोठं नवल वाटतं. मेस्त्री ओरडले की माणसं चिडायची नाहीत, शाळेतल्यासारखी ऐकायची.

खुणा करायला त्यांना काकींचं नखांचं लाल पॉलिश लागायचं. ते डिझेलने जात नाही आणि ऑइलमध्येही दिसतं, म्हणून. काकी कधी ते लावायच्या की नाही देव जाणे, कारण बाटली कायम पान्ह्यांच्या पेटीत. पण स्वतःची खूण करायच्या आधी चाक घासून-पुसून लख्ख करायचं, आधीच्या कुठल्या मेकॅनिकने काही रंग फासलेला असेल तर तो आधी काढून टाकायचा, आणि कारखान्याने मारलेला बारीक ठिपका शोधून त्यावरच लाल थेंब द्यायचा. “दुसऱ्याच्या खुणेवर इंजिन बांधणारा माणूस दुसऱ्याच्या कुंडलीवर लगीन करील,” असं एकदा म्हणाले होते.

आणि मग दोन फेरे. हा त्यांचा सगळ्यात आवडता कायदा. नवे कॅमशाफ्ट बसले, चेन चढली, खुणा जुळल्या, तरी चावी लावायची नाही. आधी इंजिन हाताने फिरवायचं, खालच्या पुलीला पान्हा लावून, सावकाश, दोन पूर्ण फेरे. वर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, खालून पिस्टन येतो. टायमिंग फारच चुकलं असेल तर दोघांची गाठ पडते, आणि ती हाताला कळते. हाताने कळलं तर काही मोडत नाही. चावीने कळलं तर व्हॉल्व्ह वाकलेलेच. हे सगळेच चांगले मेकॅनिक करतात. पण मेस्त्रींच्या शेडमध्ये हे फेरे गाडीच्या मालकाने फिरवायचे. पान्हा मालकाच्या हातात, मेस्त्रींचा तळवा मालकाच्या हातावर. “अडलं तर थांब. जोर लावू नको.” मालक पांढऱ्या कपड्यांत असला तरी सुटका नाही. फेरे झाल्यावर चावी, चावीनंतर चहा. त्याआधी चहा कुणालाच नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

एका बँडवाल्याची गोष्ट ते या संदर्भात हटकून सांगायचे. दुसऱ्या एका गॅरेजात त्याच्या व्हॅनचं असंच काम चाललं होतं. बँडवाल्याच्या मेव्हण्याने भटजींकडून मुहूर्त आणलेला. मेकॅनिक पान्हा आणायला आत गेला, इकडे मुहूर्त टळायला लागला. मेव्हण्याने गाडीला हार घातला, चाकापुढे नारळ फोडला आणि मारली चावी. “मुहूर्त साधला,” मेस्त्री म्हणायचे, “नि झाडून सगळे व्हॉल्व्ह वाकले. नारळ बाकी गोड निघाला.” नारळाला त्यांचा विरोध नव्हता. नारळ फेऱ्यांनंतर, एवढंच.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल, माणूस तिरसट असणार. होतेच. पण मार्चात चवदार तळ्यावर माणसं येतात तेव्हाचे मेस्त्री बघायला हवे होते. लांबलांबून टेम्पो, जीपा, जुनाट मोटारी भरून येतात, त्यातल्या निम्म्या महाडच्या वेशीवर धापा टाकत असतात. त्या दिवशी मेस्त्री शेडमधलं सगळं काम बाजूला सारून रस्त्याच्या कडेला पाण्याचे ड्रम मांडून बसायचे. कुणाचा रेडिएटर, कुणाचा पंक्चर टायर, कुणाचा फुटलेला पाण्याचा पाइप. “आज गिऱ्हाईक नाय, आज पाव्हणं,” असं म्हणून हात हलवत पुढे काढायचे. एकदा मी कारण विचारलं तर माझ्यावरच खेकसले, “तळ्याला आलेल्या माणसाची गाडी पाण्यावाचून अडली, तर महाडकरानं तोंड कुठं दाखवायचं रे?” मला तो माणूस त्या दिवसापासून आवडायला लागला. आधी नुसता धाक होता.

हल्ली मेस्त्री पनवेलला मुलीकडे असतात. गुडघे गेले. शेडच्या जागी टाइल्सचं दुकान झालं आहे. पण आमच्या बाजूचे ड्रायव्हर अजून त्यांना फोन करतात आणि फोन बोनेटमध्ये धरतात. पलीकडून मेस्त्री कान देऊन ऐकतात आणि सांगतात, तीन नंबरचा टॅपेट, किंवा बेल्ट, किंवा “काय झालेलं नाय, तू घाबरट हायस.” त्यांची मुलगी म्हणते, बाबांना नातवंडांचे फोन एवढे येत नाहीत.

पण मला सांगायचंय ते ओवशाचं.

आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा गौरीपुढे होतो, पण गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. माहेराहून सुपं येतात, सूत गुंडाळलेली, त्यांत काकडी, पडवळ, नारळ, फळं, विडे. सून ती गौरीला ओवसते, म्हणजे सूप उचलून गौरीपुढे ओवाळते, आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि नवऱ्याला देते. घेणाऱ्याने सुपात काहीतरी ठेवायचं असतं. हा पहिला ओवसा झाला नाही तोवर सुनेला गौरीपुढे सूप घेऊन उभं राहता येत नाही. माझ्या बायकोचं नशीब असं, की लग्न झालं त्या वर्षी पूर्वा नव्हती. पुढच्या वर्षी भावकीत सुतक. त्याच्या पुढच्या वर्षी ती बाळंतीण. दर गौरीला जावा सुपं घेऊन पुढे आणि ही मागे भिंतीला टेकून उभी. बोलायची काही नाही. पण गौरी जवळ आल्या की पंचांग आधी तिच्या हातात असायचं.

त्या वर्षी पूर्वा होती, आणि त्याच वर्षी गणपतीच्या तोंडावर माझी गाडी बसली. ही गाडी मी मुंबईच्या चुलतभावाकडून घेतलेली. त्याने ती डांबरासारख्या काळ्या ऑइलवर वर्षानुवर्षं पळवली होती. दोन्ही कॅमशाफ्ट झिजून खाल्लेले. नवे मुंबईहून यायचे होते. मी मेस्त्रींना भीतभीत विचारलं, “गौरीपूजनाला गाडी मिळेल का?”

“इंजिनाला गौर कळत नाय.”

“बायकोचा पहिला ओवसा आहे, मेस्त्री. सुपं इथून महाडहून वर न्यायची आहेत, तिच्या माहेरून.”

मेस्त्रींनी हातातला पान्हा खाली ठेवला. “यंदा पूर्वा हाय काय?” मग लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं. मी सुतक सांगितलं, बाळंतपण सांगितलं, तिचं भिंतीला टेकून उभं राहणं सांगितलं. “म्हंजे पोरगी अजून भिंतीलाच?” त्यांनी थोडा वेळ माझ्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, “पूजनाच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन जा.”

आतून काकी बाहेर आल्या. वायदा कोणी दिला, ते बघायला.

कॅमशाफ्ट आले ते गौर आणायच्या दिवशी, दुपारी, एसटीच्या पार्सलने. शेडमध्ये मुंबईकर चाकरमान्यांच्या गाड्या दाटीने उभ्या. मेस्त्री माझं इंजिन उघडून बसले. फडकं शटरला टांगलेलं होतं, पण त्या दिवशी मौन काही पाळलं गेलं नाही, आणि मोडलं ते मेस्त्रींनीच. येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून सांगायचे, “कुडपणची ओवशाची गाडी हाय. आधी ती, मग तुमची.” एवढे आनंदात मी त्यांना कधी बघितले नव्हते. टोप्या पंगतीत बसल्या, नव्या कॅमशाफ्टना जुनीच दातेरी चाकं लागली, ऑइलचा हात फिरला, चेन चढली. दोन फेरे माझ्या हातून झाले, कुठे अडलं नाही, खुणा जिथल्या तिथे परत आल्या. चावी मारली तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. शेजारच्या मंडळाची आरती स्पीकरवर दणदणत होती, त्यात आम्ही चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासुरवाडीला गेलो. बायको, तिची आई, काका-काकू आणि पाच सुपं गाडीत बसली. सुपं कुणी कुणाच्या मांडीवर धरायची यावरून थोडी वादावादी झाली आणि आम्ही निघालो. मेस्त्रींच्या शेडसमोर गतिरोधक आहे. मी गाडी हळू केली, हॉर्न मारला, मेस्त्रींनी बाकावरून चहाचा ग्लास उंचावला, आणि मी गाडी चढावर दाबली.

शहर मागे पडलं नसेल तोच मागून एक मोटरसायकल कर्कश हॉर्न देत आली. पुढे कारखान्यातून पाळी संपवून आलेला एक कामगार, आणि त्याच्या मागे मेस्त्री, हातात तो चहाचा ग्लास तसाच. मोटरसायकल पुढे गेली, थांबली, आणि मेस्त्री उतरून हमरस्त्यावर दोन्ही हात पसरून माझ्या गाडीसमोर उभे राहिले.

“वळव,” ते म्हणाले. “गाडी मागं घे.”

“का? काय झालं?”

“माझा दात चुकलाय.”

मला वाटलं चेष्टा चाललीय. “अहो, गाडी तर मस्त चालतेय.”

“चालतेय. ओढत नाय. चढाला दाबलीस तेवढ्यात ऐकलं मी. ही घाटात तापणार नि मधीच बसणार. नक्षत्र काय घाटात थांबायचं नाय तुझ्यासाठी.”

सासूबाई खिडकीतून जे बोलल्या ते बोलायला मला आजही धीर होणार नाही. दुसरी गाडी बघा, असंही त्या म्हणाल्या, पण गौरीच्या दिवशी महाड-पोलादपुरात मोकळी गाडी म्हणजे काय विचारता. मेस्त्रींची स्वतःची एक स्कूटर, तिच्यावर पाच सुपं कशी नेणार? मी बायकोकडे बघितलं. तिच्या मांडीवर सूप होतं आणि ती मेस्त्रींकडे एकटक बघत होती. ती म्हणाली, “ते सांगतायत तर वळवा.”

परत आलो तर समोरच्या गॅरेजातली पोरं रस्त्यावर येऊन उभीच. बातमी मोटरसायकलच्या आधी पोचली होती. एकाने विचारलंच, “काय मेस्त्री, दात पडला काय?”

“पडला,” मेस्त्री म्हणाले. “माझाच पडला. या बघायला.”

आणि खरंच दाखवला. त्या आधी इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं, आणि ती वाट फार वाईट होती. काकींनी शेडमध्ये सतरंजी घातली. बायका सुपं घेऊन तिच्यावर बसल्या. काकडीवर, पानांवर माझी बायको अधूनमधून पाणी शिंपडत होती. मेस्त्री बोनेटला टेकून उभे होते, आणि कुणी न विचारता त्यांनीच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “वायदा दिला, तिथं माझं बिघडलं. घाईत परकी खूण पुसली नाय.” झाकण निघालं तेव्हा त्यांनी समोरच्या पोरांना जवळ बोलावलं. एका कॅमशाफ्टच्या चाकावर कारखान्याचा ठिपका एका दातावर होता, आणि शेजारच्या दातावर मुंबईच्या कुणा मेकॅनिकने कधीकाळी लावलेला पांढरा रंग. मेस्त्रींचा लाल थेंब त्या पांढऱ्या रंगावर होता. चाक, चेन, सगळं त्या चुकीच्या खुणेला अगदी बरोबर जुळलं होतं. म्हणून फेऱ्यांतही काही कळलं नव्हतं. पोरं वाकून बघत होती आणि कुणीही हसलं नाही.

मी खूप मेकॅनिक बघितले आहेत. गाडी घाटात बसली असती तर ऑइल खराब, पेट्रोल खराब, ड्रायव्हर खराब, शंभर कारणं निघाली असती आणि मला ती पटलीही असती. या माणसाने चालती गाडी रस्त्यात आडवी अडवली आणि ज्यांच्यासमोर तो मिरवत आला त्यांनाच बोलावून स्वतःची चूक बोटाने दाखवली. मी तेव्हा घड्याळाकडे बघून घायकुतीला आलो होतो, तरी मनात म्हटलं, हा माणूस मोठा आहे.

मग फडकं भिजवून टांगलं. आणि त्या दिवशी खरोखर कुणी बोललं नाही, सासूबाईसुद्धा नाही. बाहेर गाड्या धावत होत्या आणि आत नुसता पान्ह्याचा आवाज. मेस्त्रींनी दोन्ही चाकं डिझेलने घासली, पांढरा रंग नखाने खरवडून काढला, चष्मा डोळ्यांवर चढवला. चेन उतरली, चढली. खुणा लागल्या. पान्हा मी घ्यायला पुढे झालो तर त्यांनी मला हाताने मागे सारलं आणि माझ्या बायकोला खूण केली.

“फेरे तुझ्या हातचे, बाय. काम तुझं अडलंय.”

तिने सूप आईकडे दिलं, पदर खोचला आणि पान्हा धरला. मेस्त्रींनी नेहमीसारखा तिच्या हातावर तळवा ठेवला नाही. बाजूला उभे राहिले. “अडलं तर थांब. जोर लावू नको.”

ती फिरवत राहिली. ओठ घट्ट मिटलेले. दुसरा फेरा पुरा झाला तशी म्हणाली, “नाही अडत.”

गाडी सुरू झाली तेव्हा फरक मलाही कळला, म्हणजे बघा. चहा कोणी मागितला नाही. सुपं चढली, माणसं चढली, आणि मेस्त्री तसेच तेलकट कपड्यांत पुढच्या सीटवर येऊन बसले. तुम्ही कुठे, म्हणून सासूबाईंनी विचारलं. “वर पोचेपर्यंत मी उतरणार नाय,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पोलादपूर गेलं, घाट लागला, धुकं खाली उतरलं. सगळ्यात उभ्या वळणाला ते डोळे न उघडता म्हणाले, “दाब.” मी दाबली. सगळ्या माणसांसकट, सुपांसकट गाडीने ते वळण हसत घेतलं. सीटची कड घट्ट धरलेली मेस्त्रींची बोटं तेव्हा सुटली.

कुडपणला आम्ही दिवे लागायच्या आत पोचलो. बाकीच्या घरांतले ओवसे केव्हाच उरकले होते. आई पडवीत वाटेकडे डोळे लावून बसलेली. माझी बायको हातपाय धुऊन सूप घेऊन आत गेली, गौरीसमोर पहिल्यांदा पुढे उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी सूप उचलून तिने ओवसलं. जावांनी तिला मध्ये जागा करून दिली होती. तिच्या तोंडाकडे मला फार वेळ बघवेना, म्हणून मी बाहेर आलो.

बाहेर पडवीत गावातली माणसं मेस्त्रींभोवती जमली होती. मेस्त्री होते म्हणून वेळेत आलात, असं कुणीतरी म्हणालं आणि मेस्त्री उसळले. “माझ्यामुळं उशीर झाला. चूक माझी हाय.” पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, पांढरा रंग, वायदा, सगळं. दुसरा कुणी आला की त्यालाही. शेवटी आई दारात येऊन उभी राहिली.

“मेस्त्री,” ती म्हणाली, “आता पुरे करा. सून माझी वर्सानुवर्सं भिंतीला टेकून र्‍हायली, तोंडातनं सबूद काढला नाय तिनं. नि तुमी अर्ध्या दिसाचं काय घेऊन बसलाव?”

मेस्त्री गप्प झाले. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना गप्प केलं होतं. आणि तेवढ्यात आईच्या मागून माझी बायको सूप घेऊन बाहेर आली. वडीलधाऱ्यांची सुपं देऊन झाली होती. हे पाचवं, नवऱ्याचं, म्हणजे माझं. मी हात पुढे केला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ मेस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली.

मेस्त्री गडबडीने उठले. हात पँटला पुसले, ते आणखी काळे झाले. “मला नको गो बाय. याच्यात काय तरी ठेवायचं असतंय. मी असाच आलोय, माझ्याकडं काय नाय.”

“तुमच्याकडून घेऊन झालंय,” ती म्हणाली. “धरा, जड आहे.”

त्यांनी धरलं. ठेंगणा, पोट सुटलेला, तोंडाने कुणाला न सोडणारा तो माणूस सूप छातीशी धरून आमच्या पडवीत उभा राहिला आणि ओक्साबोक्शी रडला. आईने त्यांना बसायला पाट दिला.

रात्री ते आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना महाडला सोडायला निघालो. पुढच्या सीटवर ते सूप मांडीवर घेऊन बसले होते, दोन्ही हात काठावर, आणि काचेबाहेर कुठेतरी बघत होते. घाटातल्या त्या उभ्या वळणावर इंजिनाचा आवाज बदलतो. मला राहवेना. मी विचारलं, “मेस्त्री, आवाज कसा वाटतोय?”

“कसला आवाज?” ते म्हणाले.